कोल्ड-फॉर्म्ड स्टीलची भारवाहू भिंत: मोजणीपासून शीट लागेपर्यंत

जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची कॉइल न तापवता रोलरमधून काढून तिला सी किंवा यू आकार दिला की कोल्ड-फॉर्म्ड सेक्शन तयार होतो. इमारतीच्या चौकटीत वापरल्या जाणाऱ्या अशा सेक्शनचा पत्रा साधारण ०.८ ते २.५ मिमी जाडीचा असतो. इतक्या पातळ पत्र्यावर मजला आणि छप्पर पेलले जाते, ते मुख्यतः त्याच्या आकारामुळे. म्हणून या कामातल्या जवळजवळ सगळ्या चुका दोनच प्रकारच्या असतात: सेक्शनचा आकार बिघडवला, नाहीतर भाराची वाट मध्येच तोडली. पुढची प्रत्येक पायरी या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

आधी सेक्शन समजून घ्या

भिंतीतल्या उभ्या खांबाला स्टड म्हणतात. सी आकाराच्या स्टडला मधली रुंद बाजू म्हणजे वेब, दोन बाजूंचे फ्लॅंज आणि फ्लॅंजच्या टोकाला आत वळवलेली छोटी कड म्हणजे लिप. ट्रॅक, म्हणजे स्टडची टोके ज्यात बसतात तो आडवा सेक्शन, यू आकाराचा, त्याला लिप नसते. त्यामुळे ट्रॅक स्टड म्हणून वापरायचा नाही, जाडी तीच असली तरीही. सपाट पत्रा दाबाखाली केव्हा लवतो हे ठरवणारा बकलिंगचा एक गुणांक असतो. एक कड मोकळी असेल तर तो ०.४३ भरतो आणि दोन्ही कडा नीट धरलेल्या असतील तर ४, म्हणजे नऊपटींहून जास्त. जेमतेम १२ मिमीची ती लिप फ्लॅंजची मोकळी कड धरून ठेवते. पाइप जावा म्हणून कुणी ती लिप कापली, की त्या जागी स्टडचा जणू ट्रॅकच झाला. फ्लॅंजला किंवा लिपला खाच कधीही मारू नये. चुकून मारली गेली असेल तर स्टड बदलावा किंवा डिझाइनरकडून दुरुस्तीचा तपशील घ्यावा. वरून पट्टी मारून भागत नाही.

सेक्शनचे नाव वाचायला शिका. ६००एस१६२-५४ याचा अर्थ वेब ६.०० इंच म्हणजे १५२ मिमी, एस म्हणजे स्टड किंवा जॉइस्ट (मजला पेलणारी आडवी तुळई), फ्लॅंज १.६२ इंच म्हणजे ४१ मिमी, आणि पत्रा ५४ मिल, म्हणजे इंचाच्या ५४ हजारांश, सुमारे १.३७ मिमी. एसच्या जागी टी असेल तर तो ट्रॅक. ही जाडी जस्त सोडून फक्त पोलादाची असते. प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर दोन्ही बाजूंचे जस्त मिळून साधारण ०.०४ मिमी भरते. मायक्रोमीटरने मुलाम्यासकट १.०९ मिमी वाचले तर आतले पोलाद १.०५ मिमीच आहे आणि ४३ मिलचा माल म्हणून ते चालणार नाही.

पोलादाची प्रत डोळ्यांना दिसत नाही. २३० मेगापास्कल यील्डचा (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो) आणि ३४५ मेगापास्कलचा पत्रा हातात घेतला तर सारखाच वाटतो. कॉइलचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या आणि सेक्शनवरच्या शिक्क्याशी ताडून पाहा. शिक्का नसलेला माल भारवाहू भिंतीत लावू नका.

माल साइटवर आला की जमिनीपासून उचलून, थोडा उतार देऊन ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. गठ्ठ्यातल्या दोन स्टडच्या मध्ये ओल अडकली की जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड येते. ती सुरुवातीला पुसली जाते, पण दिवसेंदिवस तशीच राहू दिली तर जस्त खात जाते.

मोजणी: एक भिंत धरून

समजा भिंत ४.८ मी. लांब, २.७ मी. उंच आहे, स्टड ८९ मिमी वेबचे, ४१ मिमी फ्लॅंजचे, १.१ मिमी जाडीचे आहेत आणि मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिमी अंतरावर लागणार आहेत. मधोमध एक खिडकी आहे. नेमके सेक्शन, अंतर आणि हेडर (खिडकीवरची आडवी तुळई) हे डिझाइनरच्या नकाशावरूनच घ्यायचे. मोजायची रीत मात्र अशी असते.

४८०० भागिले ६०० म्हणजे ८ गाळे, म्हणजे ९ स्टडरेषा. खिडकीमुळे मधला एक स्टड तुटतो, राहिले ८. त्यातले खिडकीच्या दोन्ही बाजूंचे दोन पूर्ण उंचीचे किंग स्टड झाले. भिंतीच्या दोन्ही टोकांना होल्ड-डाउन (टोक उचलले जाऊ नये म्हणून पायाशी बांधणारे ब्रॅकेट) असेल तर तिथे पाठीला पाठ लावून दोन-दोन स्टड हवेत, म्हणजे आणखी २. पूर्ण उंचीचे एकूण १० झाले. हेडर ज्यावर टेकतो ते जॅक स्टड २, आणि खिडकीखाली व हेडरवर एकेक तोकडा स्टड. वरचा आणि खालचा ट्रॅक मिळून ९.६ मी., शिवाय खिडकीच्या सिलचा ट्रॅक. या मापाचा स्टड मीटरला साधारण १.६ किग्रॅ भरतो, म्हणजे एक स्टड सव्वाचार-साडेचार किलोंचा. एका माणसाला सहज उचलता येतो, म्हणूनच तो फेकला जातो आणि वाकतो. फेकू देऊ नका.

प्रत्येक स्टडला वरच्या ट्रॅकमध्ये दोन आणि खालच्यात दोन, दोन्ही फ्लॅंजमधून एकेक, असे चार स्क्रू. १० स्टडचे ४०. बाहेरून १.२ × २.७ मी.ची आवरणाची शीट लागणार असेल आणि कडेने १५० मिमी, मधल्या स्टडवर ३०० मिमी अंतर ठेवायचे असेल, तर परिघाचे ५२ आणि मधले ८ मिळून शीटला ६० स्क्रू लागतात. चार शीटना सुमारे २४०, खिडकीच्या जागेचे वजा जाता. वाया जाणाऱ्यांसाठी दहा टक्के जास्त धरा.

कापणे

ग्राइंडरचे घासून कापणारे चाक हाताशी असते, पण या कामासाठी ते वाईटच. काठावरचे जस्त जळते, आणि उडालेले तापलेले कण शेजारच्या सेक्शनवर चिकटून काही दिवसांत गंजाचे ठिपके उठतात. पत्रा कापायची कात्री, निबलर किंवा संथ फिरणारी धातूची करवत वापरा. कापलेल्या काठावर आजूबाजूचे जस्त काही प्रमाणात संरक्षण देते, पण वेल्डिंग केले असेल तर तिथले जस्त उडालेले असते. ती जागा ब्रशने घासून जस्तयुक्त रंग द्यावाच लागतो. जस्ताचा धूर विषारी आहे, वेल्डिंग उघड्यावर किंवा धूर ओढून घेणाऱ्या व्यवस्थेतच करा.

स्टड नेहमी एकाच टोकाकडून कापा. वेबमधली तयार भोके एका रेषेत आली तरच आडवे ब्रिजिंग (स्टड पिळू नयेत म्हणून त्यांना धरणारा चॅनल) आणि वायरिंग सरळ जाते. गठ्ठ्यातल्या सगळ्या स्टडच्या एकाच टोकाला रंगाचा पट्टा मारा, तो खाली ठेवा आणि कापायचे ते वरून.

साइटवर नवे भोक पाडायचे झाल्यास ते वेबच्या मध्यरेषेवर असावे. सर्वसाधारण मर्यादा अशा: भोकाची रुंदी वेबच्या निम्म्याहून जास्त नाही आणि स्टडमध्ये ३८ मिमीपर्यंत, लांबी ११४ मिमीपर्यंत, दोन भोकांत मध्य ते मध्य किमान ६१० मिमी, आणि सेक्शनच्या टोकापासून भोकाच्या जवळच्या कडेपर्यंत किमान २५४ मिमी. टोकाजवळचे अंतर विशेष सांभाळायचे, कारण तिथेच ट्रॅकमधून भार स्टडमध्ये शिरतो.

पाया आणि खालचा ट्रॅक

सुताने रेघ मारून घ्या, मग लेव्हल तपासा. ट्रॅक आणि काँक्रीट यांच्यात ६ मिमीहून जास्त फट असेल तर भार पेलणारी पोलादी शिम (फट भरणारा पातळ तुकडा) किंवा न आकसणारा ग्राउट भरा. फोम, लाकडाची ढलपी, गुंडाळलेला पत्रा यातले काही चालत नाही. काँक्रीट आणि ट्रॅकच्या मध्ये ओल अडवणारी पट्टी घाला.

अँकर बोल्टसाठी रूढ मांडणी १२ मिमी व्यासाची, १.२ मी.पेक्षा जास्त अंतर नाही, आणि ट्रॅकच्या प्रत्येक टोकापासून ३०० मिमीच्या आत एक. आपल्या भिंतीला टोकांचे दोन धरले तर मध्ये ४.२ मी. उरतात, त्यात ४ गाळे, म्हणजे एकूण ५ बोल्ट. नटखाली नुसता छोटा वॉशर दिला तर ट्रॅकचा पातळ तळ वर ओढला जाऊन वाटीसारखा होतो. जाड चौकोनी प्लेट द्या किंवा ट्रॅकमध्ये स्टडचा तुकडा बसवून त्यातून बोल्ट काढा.

चौकट जोडणे

शक्य असेल तर भिंत जमिनीवर आडवी जोडा आणि मग उभी करा. दोन्ही ट्रॅक शेजारी-शेजारी ठेवून स्टडच्या खुणा एकदमच मारा. सगळ्या स्टडचे उघडे तोंड एकाच दिशेला ठेवा.

आता या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी: स्टड ट्रॅकमध्ये तळापर्यंत बसवणे. ट्रॅकचा कोपरा आतून गोल असतो, त्यावर स्टडचा कोपरा अडतो आणि तळाशी फट राहते. भारवाहू भिंतीत ही फट ३ मिमीच्या आत हवी. फट जास्त राहिली तर भार स्टडच्या टोकातून ट्रॅकमध्ये उतरण्याऐवजी त्या चार स्क्रूंवर लटकतो. स्क्रू तिरके होतात, स्टड खाली सरकतो, आणि मजल्याचा भार आल्यावर जिप्समवर आडव्या भेगा पडतात. उपाय सोपा आहे. टोके गुण्यात (काटकोनात) कापलेली असावीत, वरच्या आणि खालच्या ट्रॅकला लांब क्लॅम्प लावून ओढून धरावे आणि दाब असतानाच स्क्रू मारावा. हातोडीने ठोकून बसवू नका, टोकाचा फ्लॅंज मुडपतो.

सगळे बसल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले की चौकट गुण्यात आहे. उभी केल्यावर ओळंबा पाहा. उंचीच्या ९६० व्या भागापर्यंतचा फरक चालतो, म्हणजे २.७ मी.ला २.८ मिमी. एवढ्याशा चुकीचाही भार तिरका होऊन स्टडमध्ये वाकण्याचा अतिरिक्त जोर येतो.

ट्रॅक मध्ये जोडावा लागला तर आत स्टडचा तुकडा घाला, तो जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी जावा आणि प्रत्येक बाजूला प्रत्येक फ्लॅंजमध्ये चार स्क्रू लागावेत. भार घेणारा स्टड मात्र तुकडे जोडून करायचा नाही.

स्क्रू

पोलादाला पोलाद जोडायला सहसा १० नंबरचा, ४.८ मिमी व्यासाचा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू लागतो. ड्रायव्हरचा वेग मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांच्या आत ठेवा. जिप्समच्या वेगवान गनने मारला तर टोक तापून बोथट होते, आणि मग मजूर अंगाचा जोर लावतो. पातळ पत्रा डोक्याकडे, जाड पत्रा टोकाकडे, असा क्रम ठेवा. मारण्याआधी दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट धरा. नाहीतर टोक दुसऱ्या पत्र्याला भोक पाडेपर्यंत आटे पहिल्यात चढतात आणि दोन पत्र्यांमध्ये कायमची फट राहते. मागून किमान तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दोन स्क्रूंमध्ये व्यासाच्या तिप्पट, म्हणजे साधारण १५ मिमी, आणि काठापासून व्यासाच्या दीडपट हे किमान अंतर; काठाला १२ मिमी ठेवले तर हात चुकला तरी जमते. फिरत राहिलेला, आटे खाल्लेला स्क्रू मोजायचा नाही. शेजारी नवा मारा.

स्क्रू कोणत्या दिशेने काम करतो हे फार महत्त्वाचे आहे. १.०९ मिमीचे दोन पत्रे, ताण-ताकद (ज्या ताणाला पत्रा तुटतो ती) ३१० मेगापास्कल, स्क्रू ४.८३ मिमीचा, असे धरून एआयएसआयच्या (अमेरिकन आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूट) सूत्रांनी हिशेब करू. पत्र्याच्या पातळीत, म्हणजे शिअरमध्ये, स्क्रू तिरका होऊन निकामी होण्याची ताकद ४.२ गुणिले (जाडीचा घन गुणिले व्यास) याचे वर्गमूळ गुणिले ताण-ताकद, ती येते सुमारे ३,२५० न्यूटन. सरळ उपसून निघण्याची ताकद ०.८५ गुणिले जाडी गुणिले व्यास गुणिले ताण-ताकद, ती येते सुमारे १,३९० न्यूटन. सुरक्षा गुणांक ३ ने भागले तर अनुक्रमे १,०८० आणि ४६० न्यूटन हाती राहतात. तोच स्क्रू उपसण्याच्या दिशेने निम्म्याहूनही कमी काम देतो. म्हणून काहीही टांगायचे, बांधायचे असेल तेव्हा तपशील असा काढा की स्क्रू शिअरमध्ये येईल: पट्टी फ्लॅंजवरून खाली वळवून वेबमध्ये स्क्रू मारा, खालून वर स्क्रू मारून भार लटकवू नका. हा अंदाज फक्त पत्र्याचा झाला. स्क्रूची स्वतःची ताकद उत्पादकाच्या तक्त्यातून वेगळी तपासावी लागते.

ब्रिजिंग: शीट लागण्याआधीचा धोका

सी सेक्शनचे शिअर सेंटर (ज्या बिंदूतून बळ गेले तर सेक्शन पिळत नाही तो) वेबच्या बाहेर, मागच्या बाजूला असते. त्यामुळे तो दाबाखाली नुसता वाकत नाही, पिळतोही. शीट दोन्ही बाजूंनी लागली की ती त्याला धरते. पण शीट लागेपर्यंत धरणारे काहीच नसते, आणि नेमके त्याच काळात वरच्या मजल्यावर जिप्सम बोर्डचे गठ्ठे रचले जातात. १.२ × २.४ मी.चा १२.५ मिमी जाड बोर्ड २५ किलोंच्या आसपास असतो, पन्नासांचा गठ्ठा सव्वा टनाचा. खाली ब्रिजिंग नसेल तर हा गठ्ठा वर चढवू देऊ नका.

ब्रिजिंगच्या दोन ओळींत १.२ मी.पेक्षा जास्त अंतर नसावे. २.७ मी. उंचीला एक ओळ मध्ये दिली तर १.३५ मी. होतात, म्हणून दोन ओळी, ९०० मिमीवर आणि १,८०० मिमीवर. ३८ मिमीचा छोटा चॅनल वेबच्या भोकांतून ओवा आणि प्रत्येक स्टडला क्लिप अँगलने जोडा. नुसता ओवलेला, न जोडलेला चॅनल पिळणे थांबवत नाही.

दुसरी रीत, दोन्ही फ्लॅंजवर सपाट पट्टी. ती स्वस्त आणि झटपट होते, पण एकटी अपुरी. सगळे स्टड एकाच दिशेला लवू पाहतात आणि पट्टीतले बळ स्टडागणिक वाढत जाते. प्रत्येक स्टडवर २० किलोन्यूटन भार असेल आणि धरण्यासाठी त्याच्या २ टक्के बळ लागत असेल, तर ९ स्टडचे मिळून ३.६ किलोन्यूटन होतात. हे बळ कुठेतरी उतरले पाहिजे. म्हणून टोकाच्या गाळ्यात आणि मध्ये दर ३.६ मी.ला दोन स्टडच्या मध्ये पूर्ण खोलीचा ब्लॉक घाला आणि पट्टी त्याला जोडा.

आडवे बळ आणि होल्ड-डाउन

वारा आणि भूकंप भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेने ढकलतात. तेव्हा एक टोक दाबले जाते आणि दुसरे उचलले जाते. १.२ मी. लांब, २.७ मी. उंच तुकड्यावर वरून १० किलोन्यूटन आडवे बळ आले तर टोकाचे उचल-बळ १० × २.७ ÷ १.२ = २२.५ किलोन्यूटन. तुकडा २.४ मी. लांब असेल तर ते निम्मे होते. हे बळ ट्रॅकच्या बोल्टने घ्यायचे नाही, ट्रॅक फाटतो. टोकाच्या पाठीला-पाठ स्टडला होल्ड-डाउन ब्रॅकेट लावून त्याचा बोल्ट थेट पायात उतरला पाहिजे. पाया ओतण्याआधी या बोल्टच्या जागा टेम्पलेटने पक्क्या करा. नंतर भोक पाडून रसायनाने बसवलेला बोल्ट चालतो, पण त्याची खोली आणि काठापासूनचे अंतर डिझाइनरने पुन्हा तपासावे लागते.

तिरक्या पट्ट्यांची भिंत असेल तर पट्टी ताणूनच जोडा. झोळ असलेली पट्टी झोळ निघेपर्यंत काम करत नाही, आणि तोवर भिंत हलते. जोडणीनंतर पट्टीवर बोटाने टिचकी मारा. थडथडली तर ती सैल आहे.

वरचा मजला बसवताना

वरचा ट्रॅक हा तुळई नाही. त्याचा तळ एका पत्र्याइतका जाड, दोन स्टडच्या मध्ये जॉइस्ट टेकवला की तो खचतो. जॉइस्टची मध्यरेषा खालच्या स्टडच्या मध्यरेषेपासून १९ मिमीच्या आत असावी. जमत नसेल तर वर भार वाटणारा वेगळा सेक्शन द्या, त्याचे माप डिझाइनरकडून घ्या. जॉइस्ट जिथे टेकतो तिथे त्याचा वेब चुरडू नये म्हणून आत स्टडचा किंवा ट्रॅकचा उभा तुकडा स्क्रूने बसवा. तो फ्लॅंजपर्यंत टेकला पाहिजे, मध्ये लोंबता राहिलेला स्टिफनर निरुपयोगी.

शीट लागण्याआधी

तांब्याचा पाइप जस्ताला थेट टेकला तर ओल आल्यावर जस्त झपाट्याने जाते. प्रत्येक भोकात प्लास्टिकची ग्रोमेट (भोकाच्या काठावर बसणारी कडी) हवी. विजेच्या केबललाही हीच ग्रोमेट, कारण भोकाची धार इन्सुलेशन सोलते. तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड चौकटीला थेट लावू नका.

बाहेरच्या भिंतीत नुसत्या स्टडमधल्या पोकळीत इन्सुलेशन भरून भागत नाही. पोलादाची उष्णतावाहकता लाकडाच्या शेकडो पटींनी जास्त आहे. ४०० मिमी अंतराच्या स्टडमध्ये आर-१३चे (आर म्हणजे उष्णता अडवण्याचे माप) इन्सुलेशन भरले तरी भिंतीत त्याचा परिणाम आर-६ इतकाच उरतो. चौकटीच्या बाहेरून सलग इन्सुलेशनचा थर द्या. त्याने थंड हवामानात स्टडच्या रेषांवर आतून धरणारी ओलही थांबते.

मग टॉर्च घेऊन प्रत्येक स्टडची दोन्ही टोके पाहा: फट, चारही स्क्रू, मुडपलेला फ्लॅंज. होल्ड-डाउनचे नट ठरल्या जोराने आवळलेले आहेत का, ब्रिजिंगची प्रत्येक क्लिप जागेवर आहे का, नव्या भोकांची मापे बसतात का, हे तपासून फोटो काढून ठेवा. शीट लावताना स्क्रू शीटच्या काठापासून किमान १० मिमी आत मारा. डोके पृष्ठभागाशी समपातळीत राहू द्या. शीटमध्ये रुतलेल्या डोक्याखाली शीटची जाडी कमी होते आणि आडव्या बळाखाली तोच स्क्रू सर्वांत आधी शीट फाडून निघतो.